नियमावलीखालची सही: एका रुळलेल्या समजाचा प्रतिवाद

शालेय शिस्तीविषयीच्या चर्चेत एक समज इतका रुळला आहे की त्याची तपासणी करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. विद्यार्थ्याने आणि पालकाने नियमावलीखाली सही केली की ते नियम त्यांनी स्वीकारले असे ठरते, आणि एकदा स्वीकारलेल्या नियमांविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार त्यांच्याकडे उरत नाही, असा तो समज आहे. आचारसंहिता म्हणजे संस्थेने विद्यार्थ्यांच्या वर्तनासाठी घालून दिलेले नियम, आणि हमीपत्र म्हणजे ते नियम पाळण्याचे लेखी वचन. या दोन वेगळ्या गोष्टी ह्या समजात एकमेकींत मिसळून जातात आणि नियमाची योग्यता सहीच्या अस्तित्वावरून ठरवली जाऊ लागते. त्याविरुद्ध येथे मांडायचे म्हणणे असे की, नियम कायद्याला धरून असेल तर तो सहीवाचूनही लागू होतो आणि कायद्याच्या विरुद्ध असेल तर कितीही सह्यांनी तो लागू होत नाही. म्हणजे सहीला दिले जाणारे वजन मुळात तिचे नाहीच, आणि तरीही त्या वजनाखाली दबतो तो मात्र तक्रार घेऊन येणारा पालक आणि त्याचे मूल.

रामटेकसारख्या तालुक्यात ही सही कोणत्या परिस्थितीत होते ते आधी पाहिले पाहिजे, कारण एखाद्याने काही मान्य केले की नाही हे कागदावरून कळत नाही, ते परिस्थितीवरून कळते. विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, साधारण जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत धानपट्ट्यात पऱ्हे टाकण्याची घाई असते व रोवणी तोंडावर आलेली असते. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणीत पाळीवर जाणारा कामगार, बांधीत किंवा पानमळ्यात मजुरीला जाणारी आई, देवलापारकडच्या गोंडी बोलणाऱ्या घरातले आजी-आजोबा अशा सर्वांच्या हाती त्या आठवड्यात शाळेची दैनंदिनी येते. तिच्या सुरुवातीच्या पानांवर बोधवाक्य, प्रार्थना आणि सुट्ट्यांची यादी असते, मग नियम सुरू होतात: गणवेश स्वच्छ असावा, नखे कापलेली असावीत, मुलींनी दोन वेण्या घालून रिबिनी बांधाव्यात, मेंदी लावू नये, मोबाइल आणू नये, शुल्क मुदतीत भरावे, सहलीत काही घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, आणि कोणत्याही बाबतीत मुख्याध्यापकांचा निर्णय अंतिम राहील. त्याखाली 'वरील सर्व नियम आम्ही वाचले असून ते आम्हांस मान्य आहेत' अशा अर्थाची एक छापील ओळ असते आणि विद्यार्थी, आई, वडील यांच्या सह्यांसाठी रकाने असतात. सही न केल्यास काय होईल हे त्या पानावर कुठेही लिहिलेले नसते, परंतु ते सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षक सह्या तपासतात, ज्याची राहिली असेल त्याला उभे राहावे लागते, आणि म्हणून मूल रात्रीच कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात पान उघडून 'इथे कर' असे बोट दाखवते. ज्या घरात वाचणारे ते मूलच एकटे आहे, तेथे वाचल्याची ग्वाही देणारा आणि वाचून दाखवणारा यांच्यातले अंतर कोणीही मोजत नाही.

या सहीला करारासारखे मानणाऱ्यांनी कराराचा कायदा काय सांगतो तेही पाहिले पाहिजे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ११ व्या कलमानुसार अज्ञान व्यक्ती, म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती, करार करण्यास सक्षम नसते, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल असतो, तो नंतर रद्द करून घेण्याचीही गरज नसते, असे ठरवले. सहावीतल्या मुलीच्या सहीचे कायद्याच्या दृष्टीने मोल त्यामुळे शून्य आहे. पालक सज्ञान असतात हे खरे, परंतु त्यांची सहीही ज्या परिस्थितीत घेतली जाते तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट भूमिका घेतली. दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असेल आणि दुबळ्या पक्षापुढे छापील अटींखाली सही करण्यावाचून दुसरा मार्गच नसेल, तर त्या करारातील अन्यायकारक अट न्यायालय अंमलात आणणार नाही, असा तो निर्णय होता. त्या खटल्यात प्रश्न नोकरीच्या अटींचा होता, शाळेचा नव्हता. परंतु ज्या गावात एकच माध्यमिक शाळा आहे, तेथील पालकाची स्थिती त्या नोकरदाराहून अधिक मोकळी आहे असे म्हणता येणार नाही.

हमीपत्राचे समर्थक येथे असे म्हणतील की शाळा सहीच्या जोरावर कोणावर खटला भरत नाही, तिचा उपयोग केवळ शिस्तीपुरता असतो. परंतु शिस्तीचेही क्षेत्र कायद्याने मोकळे सोडलेले नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या १६ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही ही तरतूद त्या दुरुस्तीनंतरही कायम आहे. १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे आणि ती मोडणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी असे म्हटले आहे. ५ व्या कलमानुसार दुसऱ्या शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा असतो. आता नियमावलीत 'वारंवार नियमभंग केल्यास नाव कमी करण्यात येईल' किंवा 'शुल्क थकल्यास दाखला मिळणार नाही' असे लिहिलेले असेल, तर सातवीतल्या मुलाच्या बाबतीत त्या ओळी छापण्यापूर्वीच निष्प्रभ झालेल्या असतात. तरीही त्या छापल्या जातात, आणि त्यांच्याखाली पालकाची सही असल्यामुळे तो आपण बांधले गेलो आहोत असे समजून गप्प बसतो. कायद्यात काहीच बसत नाही आणि तरीही माणूस गप्प बसतो, हेच या सहीचे खरे कार्य आहे, आणि तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही तोच आहे.

मूलभूत हक्क सही करून सोडून देता येतात का, हा प्रश्न महाराष्ट्रातच उभा राहिला होता. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांच्या वतीने उच्च न्यायालयात असे सांगण्यात आले होते की ते पदपथावर झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क सांगणार नाहीत आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या पाडण्यास अडथळा आणणार नाहीत. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा महापालिकेने ह्याच हमीवर बोट ठेवले. ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निर्णयात न्यायालयाने ते म्हणणे नाकारले आणि राज्यघटनेने दिलेल्या हक्काच्या आड कोणाचे पूर्वीचे कबूल करणे येऊ शकत नाही, कारण हे हक्क केवळ त्या व्यक्तीच्या भल्यासाठी नसून सर्व समाजाच्या हितासाठी दिलेले असतात, असा तत्त्वाचा खुलासा केला. झोपड्या पाडण्यापासून कायमचे संरक्षण त्या लोकांना मिळाले नाही ही गोष्ट वेगळी. परंतु वकिलांच्या उपस्थितीत उच्च न्यायालयापुढे दिलेली हमी जर हक्काला रोखू शकत नसेल, तर दैनंदिनीच्या तिसऱ्या पानावर घाईत केलेली सही ते कसे करू शकेल?

शाळेच्या आचारसंहितेचा प्रत्यक्ष संबंध असलेला खटला त्यानंतरच्याच वर्षी निकाली निघाला. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत, आणि जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. शिक्षण खात्याचा आधार होता दोन परिपत्रकांचा, ज्यांतले १९६१ सालचे परिपत्रक शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या आचारसंहितेविषयीच होते. ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही परिपत्रके खात्याच्या सूचना आहेत, त्यांना विधिमंडळाच्या कायद्याचा पाया नाही, आणि अशा सूचनांच्या बळावर अभिव्यक्तीच्या व श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर बंधन आणता येत नाही. आचारसंहिता हा शब्द भारदस्त आहे, परंतु त्या शब्दाने नियमाला कायद्याचे बळ येत नाही, ही या निर्णयातली गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असायला हवी होती; चाळीस वर्षांनंतरही ती तेथे पोहोचलेली दिसत नाही.

कायद्याचा मुद्दा मान्य करूनही काही विचारी शिक्षक एक वेगळी भूमिका घेतात, आणि ती आदराने ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या मते सहीचे मोल नैतिक आहे: माणूस स्वतःच्या हाताने लिहून देतो तेव्हा त्याच्या मनावर त्या शब्दाचे दडपण राहते आणि वर्तन सुधारते. या कल्पनेला काही वर्षे मानसशास्त्राचा आधार असल्याचे मानले जात होते. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक अधिक प्रामाणिकपणे माहिती भरतात असे सांगणारा एक शोधनिबंध २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याचा जगभर गाजावाजा झाला आणि सरकारी कार्यालयांनीही त्यावरून प्रयोग केले. २०२० साली त्याच लेखकांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या पुनर्तपासणीत तो परिणाम आढळला नाही, आणि मूळ निबंधातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे उघड झाल्यावर २०२१ साली तो मागे घेण्यात आला. त्या निबंधाचा विषय सहीची जागा हा होता, सही घ्यावी की नाही हा नव्हता. तरीही सहीच्या कृतीत प्रामाणिकपणा जागवण्याची काही अंगभूत शक्ती आहे, ह्या विश्वासाचा एक मोठा खांब त्याबरोबर पडला.

याच संदर्भात अमेरिकेतील महाविद्यालयांच्या 'ऑनर कोड'चे, म्हणजे विद्यार्थ्यांनी आपल्या प्रामाणिकपणाची प्रतिज्ञा करण्याच्या प्रथेचे, उदाहरण दिले जाते, आणि अशा महाविद्यालयांत नक्कल कमी आढळते हे संशोधनात दिसलेले आहे. परंतु डोनाल्ड मॅककेब आणि लिंडा त्रेविनो यांच्या १९९३ च्या अभ्यासात विद्यार्थ्याच्या वर्तनावर सर्वांत मोठा प्रभाव आढळला तो बरोबरीचे विद्यार्थी कसे वागतात या त्याच्या समजुतीचा. पेनसिल्व्हेनियातील हॅवरफर्ड महाविद्यालयात ही संहिता विद्यार्थीच तयार करतात, दरवर्षी सर्व विद्यार्थ्यांच्या सभेत ती चर्चेला येते, मतदानाने पुन्हा मान्य व्हावी लागते आणि नियमभंगाची प्रकरणेही विद्यार्थ्यांचे मंडळ ऐकते. तेथे सही ही एका दीर्घ सामूहिक कृतीचा शेवट असते. आपल्याकडे ती सुरुवातही असते आणि शेवटही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ऑनर कोड याच नावाने जे हमीपत्र मागितले, त्यात राजकीय व व्यवस्थाविरोधी चर्चा, निदर्शने आणि धरणे यांपासून दूर राहण्याचे वचन होते, असे वृत्तपत्रांनी दिले. समाजाचा अभ्यास शिकवणाऱ्या संस्थेत समाजाविषयीच्या चर्चेपासूनच दूर राहण्याची हमी प्रवेशाच्या टेबलावर घेणे ही हॅवरफर्डच्या परंपरेची शाखा नव्हे. तिथे विद्यार्थी नियम करतात, इथे विद्यार्थ्याने बोलू नये हाच नियम आहे.

हमीपत्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद रॅगिंगचा आहे आणि त्याला वळसा घालून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. त्यांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने आणि पालकाने प्रवेशाच्या वेळी व दरवर्षी आपण रॅगिंग करणार नाही, त्यात सहभागी होणार नाही, असे लिहून द्यायचे असते. १९९७ साली रामटेकला स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय असो, तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय असो की मुंबईतले मोठे वैद्यकीय महाविद्यालय असो, उच्च शिक्षणाच्या सर्व संस्थांना ही पद्धत लागू आहे. मुलांचे प्राण वाचावेत म्हणून शासनच सही मागते, तर शाळेने ती का मागू नये, असे विचारले जाते.

उत्तर त्याच विनियमांत आहे. हमीपत्र हा त्यांचा एक लहानसा भाग आहे; उरलेला मोठा भाग संस्थेच्या कर्तव्यांचा आहे. रॅगिंगविरोधी समिती, अचानक फेऱ्या मारणारे पथक, वसतिगृहात पूर्णवेळ रेक्टर, नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक, आणि गुन्ह्याची माहिती मिळताच २४ तासांच्या आत पोलिसांत तक्रार, ही सर्व कामे संस्थेने करायची आहेत. महाराष्ट्राने तर त्याच्या दहा वर्षे आधीच, १९९९ साली, रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला होता, आणि त्यात विद्यार्थ्याची सही मागणारे एकही कलम नाही. त्यात दोन वर्षांपर्यंतची कैद आहे, तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची आहे, आणि त्याने ती केली नाही किंवा टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्यास चिथावणी दिली असे मानून त्यालाही तीच शिक्षा आहे. जबाबदारी कुठे ठेवायची हे या कायद्याला नेमके कळले होते. प्रत्यक्षात मात्र दरवर्षी सर्वांत बिनचूक पार पडते ते हमीपत्र गोळा करण्याचे काम, कारण ते मोजता येते आणि त्याला खर्च येत नाही. जून २०२५ मध्ये आयोगाने ८९ संस्थांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या तेव्हाही विद्यार्थ्यांची हमीपत्रे आणि संस्थांची अनुपालनाची हमी सादर न होणे हाच ठपका होता; समितीच्या बैठका झाल्या का, रात्री पथक फिरले का, हे कागदावरून दिसत नाही आणि म्हणून विचारलेही जात नाही. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा, वरिष्ठांनी छळ केल्याचा आरोप असलेल्या प्रकरणात, मे २०१९ मध्ये मृत्यू झाला तेव्हा हमीपत्रांची पद्धत दहा वर्षांची झाली होती. ते प्रकरण न्यायालयापुढे आहे आणि दोष कोणाचा हे तेथेच ठरेल. परंतु फायलीत हमीपत्रे असतात म्हणून कोणी सुरक्षित होत नाही, एवढे म्हणायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक युक्तिवाद परंपरेच्या नावाने केला जातो, आणि रामटेकमध्ये तो विशेष ऐकू येतो: गुरूची आज्ञा शिष्याने निमूट मान्य करणे ही आपली रीत आहे, हमीपत्र हे तिचेच आजचे रूप. परंपरेचे हे वाचन अपुरे आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात आमची जी चांगली कर्मे असतील तेवढीच तू आचरणात आण, इतर नको, असे ते स्वतःच सांगतात. आपल्या वर्तनात दोष असू शकतो हे मान्य करून ते पारखण्याचा अधिकार शिष्याच्या हाती देणारा हा आचार्य 'मुख्याध्यापकांचा निर्णय अंतिम' ह्या ओळीशी जुळत नाही.

रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटक राजांची जुनी राजधानी नंदिवर्धन. ज्या घराण्याने तेथून राज्य केले त्याचा एक लेख तर या विषयासाठी मुद्दाम वाचावा असा आहे. दुसऱ्या प्रवरसेनाचा, पाचव्या शतकातला, अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेला ताम्रपट एक हजार ब्राह्मणांना गाव दान देतो आणि त्यांच्यासाठी वर्तनाच्या अटीही घालतो: त्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार, हत्या करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, आणि तसे केल्यास राजाने जमीन परत घेतली तर तो अपहार ठरणार नाही. ही विदर्भातली एक अत्यंत जुनी लिखित आचारसंहिता म्हणता येईल. परंतु त्याच पत्र्यावर राजाने स्वतःला घातलेली बंधनेही कोरलेली आहेत: त्या गावात सैनिक शिरणार नाहीत, कर घेतला जाणार नाही, गाई-बैल मागितले जाणार नाहीत, दूध-फुले, चराई, कातडी, कोळसा यांवर हक्क सांगितला जाणार नाही. आणि मोहोर आहे ती देणाऱ्याची. घेणाऱ्यांच्या संमतीच्या खुणा त्यावर नाहीत. सत्तेच्या दृष्टीने राजा आणि दान घेणारे यांच्यातले अंतर संस्थाचालक आणि पालक यांच्यातल्या अंतराहून कितीतरी मोठे होते, तरीही अटी घालणाऱ्याने आधी स्वतःला लेखी बांधून घेतले. आजच्या दैनंदिनीत शाळेने काय करावे हे सांगणारा एक तरी नियम आहे का, ते कोणत्याही पालकाने उघडून पाहावे.

विद्यार्थ्याकडून कबुली घेण्याची प्रथा जेव्हा मतांवर येऊन ठेपते तेव्हा तिचे रूप किती कठोर होते, याचा अनुभवही याच प्रदेशाला आहे. १९३८ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहापासून वंदे मातरम् म्हणण्यावरून संघर्ष सुरू झाला आणि उस्मानिया विद्यापीठातून मोठ्या संख्येने विद्यार्थी काढले गेले. माफी मागितली असती तर परत जाता आले असते. शेकडोंनी ती मागितली नाही. नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश देऊन त्यांचे शिक्षण वाचवले. त्यांच्यात पी. व्ही. नरसिंह राव होते, जे पुढे १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुकांत रामटेकमधून लोकसभेवर गेले आणि १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. या घटनेतून प्रत्येक नियमभंग थोर असतो असे सिद्ध होत नाही, आणि मोबाइलबंदीची तुलना निजामाच्या बंदीशी करणेही योग्य नाही. परंतु शरणागतीच्या अटीवर शिक्षण देणारी एक संस्था आणि ती अट न घालता वर्ग उघडून देणारी दुसरी संस्था, यांत शिक्षणाची बाजू कोणी सांभाळली याबद्दल दुमत होऊ नये.

शेवटचा बचाव व्यवहाराचा आहे. सही नसेल तर 'आम्हांला सांगितलेच नव्हते' असे म्हणत पालक भांडायला येतात, आणि लहान गावातल्या मुख्याध्यापकाला संस्था, पंचायत समिती व पालक अशा तिघांना तोंड द्यावे लागते, ही अडचण खोटी नाही. तिच्यावरचा उपाय असा की सही केवळ पोच म्हणून घ्यावी: नियमावलीची प्रत अमुक तारखेला मिळाली, एवढेच लिहावे, 'मान्य आहे' हे शब्द काढून टाकावेत. मुख्याध्यापकाला खरे संरक्षण मिळते ते मुलाचे म्हणणे ऐकल्याच्या नोंदीने; कोणत्या तारखेला, कोणासमोर, काय विचारले आणि त्याने काय सांगितले, हे नोंदवहीत असेल तर कोणत्याही चौकशीत तो कागद सहीपेक्षा अधिक टिकतो. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १२ व्या अनुच्छेदाने मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि २८ व्या अनुच्छेदाने शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असे म्हटले आहे.

नियम करण्याची जागाही तयार आहे, नवी निर्माण करायची नाही. विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता इतर शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. खाजगी शाळांत शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ असतो. ह्या बैठकांत आज बहुधा पोषण आहार, रंगरंगोटी आणि शुल्क एवढ्यावरच बोलणे होते. नियमावली तेथे वाचली जावी, प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण, तो मोडल्यास होणारी कारवाई आणि त्या कारवाईविरुद्ध दाद मागण्याची जागा लिहिली जावी, देवलापारच्या बाजूला ती गोंडीत सांगितली जावी, आणि शाळेची कर्तव्ये त्याच पानावर मुख्याध्यापकाच्या सहीने छापली जावीत. बैठक रोवणीच्या दिवसांत ठेवू नये, नाहीतर येणार कोणीच नाही. आणि हे होईपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळा तपासणीच्या वेळी पटाबरोबर दैनंदिनीही मागून घ्यावी, अधिनियमाच्या ५, १६ आणि १७ या कलमांशी विसंगत असलेली प्रत्येक ओळ लाल शाईने खोडावी, आणि ती खोडल्याचे पालकांना लेखी कळवण्यास मुख्याध्यापकांना सांगावे.